लशीचा वण

गराडू, म्हणजे इकडचा तो हिवाळी कंद, सोलण्याआधी हाताला तेल लावायचं. नाही लावलं तर दिवसभर तळवे खाजत राहतात आणि लिंबू, चिंच, खोबरेल, कशाचाही उपयोग होत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जळगावहून लग्न होऊन इंदूरला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या हातांनीच मला ते शिकवलं. तेव्हापासून माझ्या हिवाळ्याच्या यादीत ‘गराडू’च्या शेजारी ‘तेल’ असा शब्द असतो.

आज दुपारी महूहून परतले. राजवाड्यापाशी रिक्षा सोडली आणि यंदाचे पहिले गराडू घेतले. गाडीवाला एकदा तळलेले तुकडे पुन्हा कढईत सोडत होता. दुसऱ्या तळणात कडा करकरीत होतात आणि आतला भाग उकडलेल्या रताळ्यासारखा मऊ राहतो. थंडीत त्या कढईभोवती उभं राहणं हा खाण्याइतकाच मोठा कार्यक्रम असतो.

“जीरावन तेज डालूँ, भाभीजी?”

“डालो भिया, कंजूसी मत करो.”

त्यानं वरून तो तांबूस, आंबट-तिखट मसाला भुरभुरवला, लिंबू पिळलं आणि द्रोण हातात दिला. पहिला तुकडा तोंडात टाकला, जीभ भाजली, आणि मला तो पौष आठवला. दरवर्षी आठवतो. रजया उन्हात टाकणं, तीळ निवडणं, गीझरवाल्याला फोन या कामांसारखा तोही थंडीबरोबर येतो. यंदा मात्र तो वेगळ्या चेहऱ्यानं आला, कारण आज सकाळी महूच्या दवाखान्यात जे झालं ते अजून माझ्या डोक्यातच आहे. पण त्याकडे क्रमानं जावं लागेल. मधलंच आधी सांगायची मला सवय नाही.

मृदुला माझी नणंद, श्रीकांतची धाकटी बहीण. तिचं लग्न पस्तिशीत ठरलं. त्याआधी आमच्या घरात हा विषय निघाला की माझ्या सासूबाई भाजीत मीठ दोनदा घालायच्या. मुलगा अमोल. पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला महूला, वडील नाहीत, आई गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. जेवताना दुसऱ्याच्या ताटात काय संपलंय ते न बोलता बघणारा मुलगा. मला तो पहिल्याच भेटीत पसंत पडला होता. साखरपुडा मार्गशीर्षात झाला, लग्न माघात ठरलं. मधे पौष. पौषात आमच्याकडे शुभकार्य करत नाहीत, त्यामुळे तो महिना तयारीचा आणि केळवणांचा. नात्यातली घरं एकेक करून नवरीला जेवायला बोलावतात, साडी देतात, खाऊ घालून घालून तिचा ब्लाऊज घट्ट करून टाकतात. माझ्याकडे लग्नाच्या याद्या तयार होत्या: वाढपी, हॉल, देणंघेणं, केळवणांच्या तारखा. फ्रिजचं दार दिसेनासं झालं होतं.

आणि पौष लागला त्याच आठवड्यात मृदुला स्कूटरवरून पडली. बर्तन बाजाराच्या वळणावर समोरून उलटा आलेला एक मुलगा वाचवायला गेली आणि डावं मनगट मोडून घेतलं. हाड सरकलं होतं, आत धातूची पट्टी बसवावी लागणार होती. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये भरती केलं. संध्याकाळी ऑपरेशन ठरलं, त्याआधी रक्त तपासायला घेतलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी श्रीकांतला आणि मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं. एचआयव्हीची तपासणी रिअॅक्टिव्ह आली होती. ऑपरेशनची सोय त्यांच्याकडे होणार नव्हती. सकाळी ती होती.

श्रीकांत बँकेत अधिकारी आहे. मोठमोठ्या खातेदारांसमोर त्याचा चेहरा हलत नाही. त्या दिवशी तो केबिनबाहेर आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. मी आत मृदुलाकडे गेले. तिच्या खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर कुणीतरी लाल पेनानं गोल काढला होता आणि मघाशी तिची उशी सारखी करणारी आया आता दारातूनच “कुछ चाहिए?” विचारत होती.

मी कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते. मृदुलानंच विचारलं, “रिअॅक्टिव्ह आलं ना?”

“तुला कसं कळलं?”

“येणारच होतं, वहिनी. त्यांना आधी सांगायला हवं होतं, पण हात इतका दुखत होता की विसरले. मी लस घेतलीये ना पुण्यात.” मग म्हणाली, “पण रक्त माझं आणि सांगितलं दादाला. कमाल आहे यांची.”

लस. मला हळूहळू आठवलं. दहाबारा वर्षांपूर्वी मृदुला पुण्याला नोकरीला होती, तेव्हा दिवाळीत घरी आली असताना फराळाच्या ताटाशी तिनं सांगितलं होतं, की एचआयव्हीवर लस शोधताहेत, त्यासाठी निरोगी माणसं हवी होती, मी नाव दिलं. लपवून काही केलंच नव्हतं. आम्हीच कुणी नीट ऐकलं नव्हतं. श्रीकांतनं “सुरक्षित आहे ना?” एवढं विचारलं होतं. सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणायचो. त्या चकलीचा सोऱ्या फिरवत म्हणाल्या होत्या, “लस म्हणजे आमच्या वेळची देवी टोचायचे तसली?” मृदुला “तसलीच” म्हणाली होती. आणि मी, चिवड्यात दाणे कमी पडलेत का ते बघत, “पण तूच कशाला?” असं विचारलं होतं.

“आजारी माणसं भरपूर मिळतात, वहिनी,” ती म्हणाली होती. “निरोगी मिळत नाहीत.”

आता ती मोडका हात उशीवर ठेवून मला समजावत होती. लशीत विषाणू नव्हताच. त्याच्या अंगावरच्या तुकड्यांची नक्कल होती. शरीरानं ती नक्कल ओळखून ठेवली आणि तिच्याविरुद्ध तयारी केली. दवाखान्यातली नेहमीची तपासणी ती तयारी शोधते. विषाणू ती शोधतच नाही. तयारी दिसली की विषाणू असणार असं धरून चालतात, आणि बहुतेक माणसांच्या बाबतीत ते बरोबरच असतं. लस घेतलेल्यांच्या बाबतीत नसतं.

“मग विषाणूच शोधणारी तपासणी असते का?”

“असते. वेगळी असते.”

“कुठे होते?” मी पर्समधून पेन काढलं.

मृदुला हसली. मग गंभीर झाली. “आणि वहिनी, समजा मला खरंच असता, तरी कुजबुजायचं कशाला? गोळ्या घेऊन लोक नीट जगतात. लग्नं होतात, मुलं होतात. हात मोडला तर त्यांचाही बसवावाच लागतो ना?”

तिचा हात शेवटी मोठ्या सरकारी दवाखान्यात बसवला. तिथल्या डॉक्टरला मी दारातच सगळा इतिहास सांगायला लागले, तर तो एक्स-रे उजेडाकडे धरत म्हणाला, “हड्डी टूटी है ना? तो पहले हड्डी देखते हैं.” त्या वाक्यासाठी मी त्या माणसाला आजही मनातल्या मनात तिळगूळ देते.

मधल्या काळात श्रीकांतनं त्याच्या पद्धतीनं बहिणीसाठी धावपळ केली. एका तपासणीवर विश्वास ठेवू नये, दुसऱ्या ठिकाणी करावी, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. त्यानं मृदुलाला पटवून आणखी एका लॅबमध्ये तिचं रक्त तपासायला दिलं. तिथेही तेच आलं. मग तिसरी, सगळ्यात महागडी लॅब. पुन्हा तेच. मृदुला प्रत्येक वेळी सांगत होती की दादा, तोच प्रश्न विचारशील तर तेच उत्तर येईल. पण एकाच गोष्टीचे तीन कागद हातात आल्यावर माणसाचं काय होतं ते मी पाहिलं. श्रीकांतनं ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि खालच्या आवाजात मला म्हणाला, “तीनही ठिकाणी कसं चुकेल?”

चुकलं कुठेच नव्हतं. म्हणूनच ते इतकं अवघड होतं.

अमोलला मृदुलानं लशीचं सगळं दुसऱ्याच भेटीत सांगितलेलं होतं, छप्पन दुकानच्या एका टेबलाशी, पोहे खाताना. त्यानं ऐकून घेतलं आणि “सुई मोठी होती का?” एवढं विचारलं होतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तो आला, तिच्या उशाशी बसला, आणि घरी गेल्यावर त्यानं स्वतःच आईला सगळं सांगून टाकलं. उशिरा, इतर कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरंच झालं. पण काकूंनी, म्हणजे त्याच्या आईंनी, दोन दिवसांनी आमच्या आईंना फोन केला तेव्हा त्यांचा आवाज फार नीट होता, पाढे म्हणून घेणाऱ्या बाईंचा असतो तसा.

“पौष आहे हो,” त्या म्हणाल्या. “पौषात काही बोलायला नको. बघू पुढे.”

पौषाचा असाही उपयोग असतो हे मला तेव्हा कळलं. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी भांडलं नाही. एक अख्खा महिना सगळ्यांनी मधे उभा केला आणि त्याच्या आडोशाला सगळे थांबले. नातेवाइकांचंही तसंच झालं. नर्सिंग होममधून ती बातमी कशी बाहेर आली माहीत नाही, पण आली. केळवणं गळायला लागली. एका मावशींना सर्दी झाली. एका आत्यांच्या सुनेला परीक्षा होती. दोन घरांतले गॅस सिलेंडर एकाच आठवड्यात संपले.

“काय आहे वहिनी,” मृदुला गच्चीवर उन्हात बसून, उजव्या हातानं गराडू खात म्हणाली, “इंदूरमध्ये गॅसची टंचाई आहे. पेपरात कसं नाही आलं?” मग प्लास्टरमधली बोटं हलवून बघत, “चला, ब्लाऊज तरी सैल राहील.”

त्या गच्चीवरचं ऊन मला फार नीट आठवतं. छत्रीबागेतली आमची गच्ची लहान आहे. हिवाळ्यात तिथे सकाळी उशिरा ऊन येतं आणि दुपारी लवकर शेजारच्या इमारतीमागे जातं. तेवढ्या वेळात पापड, गाद्या, आईंचे गुडघे आणि त्या वर्षी मृदुलाचं मनगट, असं सगळं वाळत असायचं. नदीच्या बाजूनं गार वारा यायचा. खालून भंगारवाल्याची हाक यायची. आई तिच्या केसांना तेल लावायच्या, कारण एका हातानं तिला वेणी घालता येत नव्हती. लग्नाचा विषय कुणी काढायचं नाही. तीळ कुठून आणायचे, गूळ कोल्हापुरी की इथलाच, यावर मात्र तासभर बोलणं चालायचं.

श्रीकांतनं एकदा सुचवलं, “आपण महूला सांगू की रिपोर्ट चुकला होता. विषय संपेल.”

“रिपोर्ट चुकलेला नाही, दादा,” मृदुला म्हणाली. “मी लस घेतलीये. चांगल्या कामाला घेतलीये. लग्न मोडायचं तर मोडू दे, पण खोट्या कारणानं मोडायला नको आणि खोट्या कारणानं व्हायलाही नको.”

आई तेल लावत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला. पस्तिशीतल्या मुलीच्या आईला ‘मोडू दे’ हा शब्द काय वाटला असेल, हे मी विचारलं नाही. त्यांनी वेणी घातली, टोकाला रबर लावलं आणि “ऊन गेलं, चला खाली” म्हणाल्या.

मी मात्र पुण्याला फोन लावला. मृदुलाला वाटत होतं की ते संशोधन कधीच संपलंय, आता तिथे कोण असणार. पण फोन उचलला गेला. पलीकडच्या बाईंनी मृदुलाचं नाव, कुठल्या काळात लस घेतली ते विचारून घेतलं आणि जराही आश्चर्य न दाखवता म्हणाल्या, “असं होतं. लग्नाच्या वेळी, ऑपरेशनच्या वेळी, परदेशी जाताना. आम्ही आहोत.” इंदूरमध्येच रक्त काढायचं, बर्फात ठेवून पाठवायचं, विषाणूचाच माग घेणारी तपासणी तिकडे होईल, असं ठरलं. मी थर्माकोलचा डबा आणला, त्यावर दोन्हीकडून पत्ता लिहिला. माझ्या हाताला काहीतरी काम मिळालं.

त्यानंतर वाट पाहण्याचे दिवस. त्या दिवसांत मी मृदुलाला बारीकसारीक खूप विचारलं, कारण जे समजत नाही ते माझ्या डोक्यात उभं राहत नाही. इतक्या वर्षांत लस का सापडली नाही? ती म्हणाली, तो विषाणू सतत रूप बदलतो. आज ओळखून ठेवावा तर उद्या तो वेगळाच दिसतो. आणि शरीरातल्या ज्या पेशींनी त्याला पकडायचं, त्यांच्यातच तो शिरून बसतो.

“म्हणजे चोर पोलीस चौकीतच राहायला आला,” मी म्हटलं.

“आणि रोज वर्दी बदलतो.”

“मग तू घेतलेल्या लशीचं पुढे काय झालं?”

“काही नाही. ती पुढे गेली नाही.”

मला वाईट वाटलं. इतकी इंजेक्शनं, इतकं रक्त, आणि आता हा हात, ही गळालेली केळवणं, हे सगळं एका न जमलेल्या गोष्टीसाठी? मृदुलाला मात्र तसं वाटत नव्हतं. “हीही नाही, एवढं तरी कळलं ना, वहिनी. पुढच्याला त्या वाटेनं जायला नको.” मी याद्या करणारी बाई आहे. झालेलं काम खोडण्यात जो आनंद असतो तो मला माहीत आहे. पण न होणारं कामही खोडावं लागतं, आणि ते खोडायला कुणीतरी स्वतःचा दंड पुढे करतो, हे मी तोपर्यंत लक्षात घेतलं नव्हतं. अजूनही ती लस सापडलेली नाही. अधूनमधून फोनवर बातमी येते, अमुक ठिकाणी नवीन प्रयोग सुरू, अमुक ठिकाणचा थांबवला. पूर्वी मी अशा बातम्या बोटानं वर सरकवायचे. आता थांबून वाचते आणि प्रत्येक वेळी वाटतं, तिथे कोण कोण बाह्या वर करून रांगेत बसलं असेल.

पुण्याचा निकाल आला. विषाणू नाही. श्रीकांतनं कागद दोनदा वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सुरू ठेवला. अमोल तो कागद महूला घेऊन गेला. आता सगळं सुटेल असं मी धरून चालले होते. सुटलं नाही. काकूंनी चष्मा लावून कागद वाचला आणि अमोलला म्हणाल्या, “हा एक कागद म्हणतो नाही. ते तीन कागद म्हणतात आहे. मी गणित शिकवलंय, अमोल.”

त्यांचं मला चुकीचं वाटत नव्हतं. एकुलत्या मुलाची आई आणखी काय करेल? आणि ते तीन कागद आम्हीच तर गोळा केले होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी काकू न कळवता छत्रीबागेत आल्या. एकट्याच. महूच्या बसनं. मी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात हलव्याचा डबा होता आणि चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. हो सांगायला आल्या होत्या की नाही सांगायला, हे त्यांनाही नक्की माहीत नसावं, असं मला आता वाटतं. स्वयंपाकघरात आई तिळगुळाच्या पाकाशी बसल्या होत्या, पाक नेमका होत आलेला, उठता येईना. त्यांनी तिथूनच हाक मारली, “या, इथेच या. पाट घ्या. पाक मला सोडत नाही.”

काकू पाटावर बसल्या. आईंनी पदर खोचलेला, ब्लाऊजच्या बाह्या वर सरकवलेल्या. त्यांच्या डाव्या दंडावर ते दोन गोल वण होते, जुन्या नाण्यासारखे, मधे चुरगळलेल्या कातडीचे. त्यांच्या वयाच्या सगळ्याच बायकांच्या दंडावर असतात. काकूंचं लक्ष तिकडे गेलं.

“तुमचे दोनच?” त्या म्हणाल्या. “मला तीन आहेत.”

“अगंबाई. तीन कशाला?”

“मी पळाले होते. महूला शाळेत टोचणारा यायचा तेव्हा आम्ही पोरी पाण्याच्या टाकीमागे लपायचो. मला ओढून आणलं आणि घाईत तिसरी टोचली.”

आई हसल्या. “आमच्याकडे मागच्या दारानं कंपाउंडर यायचा. माझी आत्या त्याला म्हणायची, मेल्या, पोरीच्या दंडावर टोचतोस, उद्या बांगडीवाला काय म्हणेल!” मग पाक ढवळत विचारलं, “तुमच्याकडे कुणाला आल्या होत्या का देवी?”

“मोठ्या बहिणीला.” काकूंनी स्वतःचा दंड चोळला. “वाचली. पण तोंडभर वण राहिले. तिच्या तोंडावर आणि माझ्या दंडावर.”

आईंनी तीळ पाकात ओतले. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, आणि समजावून सांगायचा त्यांना कंटाळा असायचा. त्यांनी कढई खाली उतरवली, तुपाची वाटी काकूंच्या पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “मृदूचाही दंडावरचाच आहे हो. फक्त तो रक्तात उठला, म्हणून दिसत नाही.”

मी दारात उभी होते. कढईतून वाफ येत होती, गुळाचा वास भरला होता. पाक थांबत नाही, गार झाला की लाडू वळत नाहीत. आई म्हणाल्या, “हात चालवा, नाहीतर दगड होतील.” काकूंनी तळव्याला तूप लावलं आणि पटापटा लाडू वळायला लागल्या. त्यांचे लाडू आईंच्या लाडवांपेक्षा गोल होते, अगदी मापात काढलेले. कढई रिकामी होईपर्यंत दोघींमध्ये तीळ, गूळ आणि महूच्या थंडीपलीकडे काही बोलणं झालं नाही.

हात धुऊन काकू बाहेरच्या खोलीत आल्या. मृदुला उभी राहिली. काकूंनी तिचं प्लास्टर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“हे कधी काढणार?”

“माघ लागल्यावर, काकू.”

“मग हिरवा चुडा कशावर भरायचा? प्लास्टरवर?” आणि माझ्याकडे वळून, “तुम्ही सगळ्याच्या याद्या करता म्हणे. मोठ्या मापाच्या बांगड्या लिहून घ्या. डाव्या हाताला सूज असेल.”

मी लिहून घेतलं.

लग्न माघात झालं. गॅस संपलेल्या दोन्ही घरांतून मंडळी आली, पोटभर जेवली. कासारानं डाव्या हातात साबण लावून चुडा चढवला तेव्हा मृदुलानं डोळे मिटून घेतले आणि काकू “हळू, हळू रे भिया, हड्डी है अंदर” म्हणत त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

आई दोन वर्षांपूर्वी गेल्या. हिवाळ्याच्या यादीत ‘आईंच्या गुडघ्यांचं तेल’ ही ओळ अजूनही माझ्या हातून आपोआप उतरते. मग मी ती खोडते.

आता आज सकाळचं. मृदुलाला सहावा महिना आहे. वय जास्त, म्हणून बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं ठरलं आणि आज तिथे पहिल्यांदा नाव घालायचं होतं. काकूंनी मला बोलावून घेतलं, “तुम्ही असलात की कागदपत्रं हरवत नाहीत.” तिथे रक्त घेतलं. आम्ही बाकावर बसलो. शेजारी बायका मटार सोलावेत तशा गप्पा मारत होत्या. बऱ्याच वेळानं लॅबमधली एक तरुण मुलगी बाहेर आली, कागद छातीशी धरून. तिचा चेहरा पाहिला आणि मी पुण्याच्या निकालाची फाइल उघडली. ती खाली वाकून मृदुलाला हळूच म्हणाली, “मैडम, आप ज़रा अकेले अंदर आइए.”

मृदुला उठली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली आणि आम्ही तिघीही आत गेलो.

“रिअॅक्टिव्ह आया ना?” मुलीनं तोंड उघडण्याआधीच काकू म्हणाल्या. “आना ही है बेटा, घबराओ मत. बैठो.”

मुलगी खरंच बसली. काकूंनी शाल बाजूला केली, स्वेटरची बाही वर ओढली आणि दंड तिच्यापुढे धरला. तीन गोल वण.

“ये देखो. ये बीमारी का निशान है?”

“नहीं आंटीजी. ये तो पुराना टीका...”

“बस. इसका भी टीका है. पुणे में लिया था, जिस दवा को सब ढूँढ रहे हैं, उसके लिए. अब ये वाली टेस्ट तीन बार मत करना, हमारे यहाँ कर चुके हैं. वो दूसरी भेजो, जो वायरस को ही ढूँढती है. और बड़े डॉक्टर को बुलाओ, उनको भी बताती हूँ.”

गणिताच्या बाईंसमोर ती मुलगी “जी” म्हणाली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. मृदुला पोटावर हात ठेवून हसत होती, हसता हसता तिचे डोळे भरले होते. पुण्याचा जुना निकाल मी फाइलमधून काढून तयार ठेवला होता, पण तो दाखवायची वेळच आली नाही.

बाहेर पडताना नव्या तपासणीचं उत्तर यायला काही दिवस लागतील असं सांगितलं गेलं. पायऱ्यांवर ऊन होतं. मी हिशेबानं म्हटलं, “काकू, डोहाळजेवणाचं मग पौष संपल्यावर बघू. तोवर निकालही येईल.”

काकू थांबल्या. मृदुलाचा डावा हात त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, त्याच मनगटाशी.

“पौषाचं काय घेऊन बसलात?” त्या म्हणाल्या. “या रविवारी करू. लिहून घ्या.”

गराडूचा द्रोण संपला आहे. यादी समोर आहे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, जिलबी छप्पन दुकानची. आणि गराडू, मृदुलाला आवडतात म्हणून. शेजारी लिहिलंय: तेल.